उत्तरेकडच्या दुर्गम वस्त्यांतल्या शाळा : मुलांनी गाव सोडायचं, की गावातूनच शिक्षक घडवायचे?

केतकी_विनिपेग (धागाकर्ती)

नोकरीच्या धाग्यावर मृण्मयीताईंनी विचारलं होतं की ओंटारिओचं शिक्षक प्रमाणपत्र हातात आहे, टोरांटोच्या आसपास कायम जागा मिळत नाही, कॅनडाच्या अगदी उत्तरेकडच्या नुनावुतमध्ये जागा निघाल्यात, अर्ज करावा का? तिथली उत्तरं पगार, थंडी आणि विमानभाडं एवढ्यावरच थांबली. शाळा कशी असते, मुलं कशी असतात, यावर कुणी लिहिलंच नाही. मी नुनावुतच्याच किवालिक भागातल्या एका वस्तीत काही वर्षं प्राथमिकला शिकवलं आहे, म्हणून हा वेगळा धागा काढते.

नुनावुत हा १ एप्रिल १९९९ रोजी वेगळा झालेला प्रदेश. साधारण सहा महाराष्ट्र मावतील एवढी जमीन आणि २०२१च्या जनगणनेत माणसं जेमतेम ३७ हजार, त्यातली साधारण ८५ टक्के इन्युइट, म्हणजे तिथले मूलनिवासी. वस्त्या २५. एका वस्तीहून दुसरीकडे जायला रस्ता नाही, विमानच. जड सामान वर्षातून एकदा, बर्फ वितळल्यावर उन्हाळ्यात जहाजाने येतं. बाकं, वह्या, छपाईचा कागद, सगळं त्या जहाजावर. यादीत राहिलं ते पुढच्या वर्षी, नाहीतर विमानाच्या भाड्यात.

एवढं असून शाळा मात्र प्रत्येक वस्तीत आहे आणि ती बारावीपर्यंत आहे. ही फार मोठी गोष्ट आहे, का ते पुढे येईलच.

आता वर्गात या. दक्षिण कॅनडातून आलेला नवा शिक्षक विचारतो, "समजलं का?" वर्ग गप्प. तो पुन्हा विचारतो, पुन्हा गप्प. प्रत्यक्षात अर्ध्या वर्गाने केव्हाच उत्तर दिलेलं असतं. तिकडे भुवया वर उचलल्या की "हो" आणि नाक आक्रसलं की "नाही". एवढीशी हालचाल, डोळ्याला डोळा भिडला तरच दिसते. फळ्याकडे तोंड करून प्रश्न विचारणाऱ्याला ती कधीच दिसत नाही. मूल म्हणतं, मी सांगितलं तरी हे परत परत का विचारतात? आणि प्रगतिपुस्तकावर शेरा पडतो, "वर्गात सहभागी होत नाही."

आमच्या शाळेत हे नव्या माणसाला पहिल्याच सकाळी सांगणारी एक स्थानिक सहायक शिक्षिका होती. त्याच गावात वाढलेली. कोण कुणाच्या घरी दत्तक आहे, कुणाच्या घरी एका खोलीत सहा माणसं झोपतात, कुणाचा बाबा कॅरिबू हरणांच्या शिकारीवरून अजून परतलेला नाही, हे तिला ठाऊक असायचं. मूल बाकावर डोकं टेकून झोपलं तर आम्ही "आळशी" म्हणण्याआधी ती जवळ जाऊन कानात काहीतरी विचारून यायची. बहुतेक वेळा भूक असायची, किंवा रात्री झोपायला जागा नसल्याने जागरण. तिच्यापेक्षा दुप्पट पगार घेणारे आम्ही दोन-तीन वर्षांत सामान बांधून निघून जायचो, ती तिथेच.

ऑगस्टमध्ये शाळा उघडली की मुलांचा ठरलेला प्रश्न असतो, "तुम्ही नाताळनंतर परत येणार का?" कारण नाताळच्या सुट्टीला दक्षिणेत गेलेले सगळेच परत येत नाहीत. आठ वर्षांच्या मुलाने बाईंना हे विचारावं, ही त्या शाळांची खरी अडचण आहे असं मला वाटतं. थंडी, अंधार, महागाई सगळं आहेच. पण दर एक-दोन वर्षांनी नवा चेहरा आला की मुलं जीव लावायचं थांबवतात आणि मग शिकणंही थांबतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की बाहेरून शिक्षक आणणं ही सोय आहे, उपाय नाही. गावातल्याच तरुण मुलामुलींना, त्यांना गाव न सोडायला लावता, शिक्षक करणं यावर जितका पैसा आणि जीव ओतला जायला हवा होता तितका ओतलाच गेला नाही. १९७९ साली तिकडे इन्युइट शिक्षक घडवण्याचा अभ्यासक्रम सुरू झाला, मॅकगिल विद्यापीठाची त्याला जोड होती. आज तो नुनावुत आर्क्टिक कॉलेज चालवतं आणि वर्ग कधी कधी थेट वस्त्यांत भरतात. कल्पना उत्तम. पण दरवर्षी बाहेर पडणारे शिक्षक मूठभर, आणि त्यातल्या हुशार मुली सरकारी कचेऱ्या लगेच उचलतात, कारण तिथे पगार बरा आणि डोक्याला ताप कमी.

२००८च्या शिक्षण कायद्यात वचन होतं की २०१९पर्यंत बारावीपर्यंत इनुक्टिटुटमधून, म्हणजे इन्युइट भाषेतून, शिकायची सोय होईल. शिक्षकच नाहीत म्हणून नोव्हेंबर २०२०मध्ये कायदा बदलून ती मुदत २०३९वर नेली. आज पहिलीत असलेलं मूल तेव्हा शाळा संपवून कामाला लागलेलं असेल.

---

मृण्मयी_ब्रॅम्प्टन

केतकीताई, माझ्या प्रश्नावर एवढं सविस्तर लिहिलंत, खूप आभार. मी पगाराचाच विचार करत होते, खरं सांगते. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मुलं शाळेत नियमित येतात का? आणि अभ्यासक्रम कुठला असतो, त्यांचा स्वतःचा की बाहेरचा?

---

केतकी_विनिपेग

हजेरी हा दुखरा भाग आहे. वसंतात, एप्रिल-मे मध्ये, ऊन वाढतं आणि समुद्रावरचा बर्फ अजून पक्का असतो, तेव्हा अख्खी कुटुंबं तळ ठोकायला बाहेर जातात. मासे, हंस, सील. वर्ग अर्धा रिकामा होतो. दक्षिणेतले शिक्षक याला "गैरहजेरी" म्हणतात. पण त्या तीन आठवड्यांत बारा वर्षांचा मुलगा बर्फाची जाडी आवाजावरून ओळखायला शिकतो, आणि ते चुकलं तर जिवावर बेततं. काही ठिकाणी शाळेचं वेळापत्रक स्थानिक शिक्षण मंडळ ठरवतं आणि सुट्ट्या त्याप्रमाणे हलवतं. ही मंडळं गावातून निवडून येतात, त्यांना हा अधिकार आहे. जिथे तो नीट वापरला जातो तिथे भांडण उरत नाही.

बाकीची गैरहजेरी मात्र घराच्या टंचाईमुळे, आजारपणामुळे, रात्रीच्या जागरणामुळे. नुनावुतमधले निम्म्याहून अधिक इन्युइट लोक गर्दीच्या घरांत राहतात. गृहपाठ करायला कोपराच नाही.

अभ्यासक्रमात अल्बर्टा या दक्षिणेकडच्या प्रांताचा मोठा वाटा आहे, बारावीच्या परीक्षाही अल्बर्टाच्याच. गणिताच्या पुस्तकात शेत, ट्रॅफिक सिग्नल, रेल्वे. आमच्या वस्तीत झाड नावाची गोष्ट नव्हती. त्याच्या जोडीला वस्तीतल्या वडीलधाऱ्यांना शाळेत बोलावून पार्का शिवणं, बर्फाचं घर बांधणं, सीलच्या चरबीवर जळणारा दगडी दिवा पेटवणं हे शिकवलं जातं. एरवी एका जागी न बसणारी मुलं त्या आजीबाईंसमोर तासभर मान वर करत नाहीत. ते तास वेळापत्रकात कायमचे हवेत, शुक्रवारी दुपारी उरलासुरला वेळ म्हणून नकोत.

---

झेडपी_गुरुजी

वाचताना सारखं वाटत होतं की हे अक्कलकुवा-धडगावचंच वर्णन आहे, फक्त बर्फ जास्त. मी नंदुरबार जिल्ह्यात पाड्यावरच्या दोनशिक्षकी शाळेत आहे. पहिलीतलं मूल घरी पावरी बोलतं आणि पुस्तक प्रमाण मराठीत. पहिले सहा महिने मूल गप्प असतं आणि वरून तपासणीला आलेले साहेब म्हणतात, पोरं बोलत नाहीत.

आमच्याकडचा ताजा प्रश्न पटसंख्येचा. सप्टेंबर २०२३मध्ये वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांच्या समूह शाळा करण्याचं पत्र निघालं होतं. राज्यात तेव्हा अशा शाळा जवळपास पंधरा हजार, आणि आदर्श म्हणून उदाहरण दिलं ते आमच्याच जिल्ह्यातल्या तोरणमाळचं आणि पुण्याजवळच्या पानशेतचं. कागदावर सोपं आहे, गाडी लावायची आणि पोरं न्यायची. पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की माझीच मोटरसायकल अलीकडे राहते, सहा वर्षांच्या पोरीला कोण पाठवणार? मोठ्या भावंडाला पाठवतील, धाकटीला घरी ठेवतील.

ताई, तिकडे अशी शाळा बंद करण्याची भाषा होत नाही का?

---

ठाणेकर_हिशोबनीस

गुरुजींबद्दल आदर राखून एक वेगळं मत मांडतो. तीनशे माणसांच्या वस्तीत बारावीपर्यंत शाळा चालवायची म्हणजे भौतिकशास्त्राला एक शिक्षक आणि वर्गात मुलं दोन. त्यापेक्षा मोठ्या गावात चांगलं वसतिगृह, प्रयोगशाळा, ग्रंथालय, खेळाचं मैदान द्यावं. माझे वडील स्वतः कोकणातल्या खेड्यातून रत्नागिरीला बोर्डिंगात राहून शिकले आणि त्यांच्यामुळे आम्ही सगळे शिकलो. दर्जा हवा असेल तर मुलं एकत्र आणावीच लागतात. भावनेपेक्षा याचा विचार व्हावा.

---

केतकी_विनिपेग

काका, तुमच्या वडिलांबद्दल वाचून बरं वाटलं आणि तुमचा प्रश्न टाळण्यासारखा नाही. पण उत्तरेत "मुलं एकत्र आणू" हा प्रयोग झालेला आहे. शंभर वर्षांहून जास्त काळ.

कॅनडाने साधारण दीड लाख आदिवासी मुलांना सरकारी पैशावर चालणाऱ्या, बहुतांशी चर्चच्या ताब्यातल्या निवासी शाळांत घातलं. भाषा बोलली तर मार, भावंडांना एकमेकांना भेटू द्यायचं नाही, हजारो मुलं तिथेच मेली आणि अनेकांच्या आईवडिलांना कुठे पुरलं हेही कळवलं नाही. आमच्या किवालिकमध्येच चेस्टरफील्ड इनलेटला १९५० आणि ६०च्या दशकांत मिशनचं वसतिगृह होतं. रँकिन इनलेटचं किवालिक हॉल १९९७ साली बंद झालं. ही जुनी गोष्ट नव्हे, माझ्या विद्यार्थ्यांच्या आजी-आजोबांची आणि काहींच्या तर आईबापांची गोष्ट. पंतप्रधानांनी ११ जून २००८ रोजी संसदेत माफी मागितली, सत्यशोधन आयोगाने २०१५ साली ९४ शिफारशी दिल्या. पालक-सभेला एखादी आई शाळेच्या दारातच का थबकते, हे या इतिहासाशिवाय कळणार नाही.

त्या वसतिगृहांत शिकलेल्या पिढीतूनच नुनावुतसाठी सरकारशी वाटाघाटी करणारे नेते निघाले, हेही खरं आहे. ते स्वतः हे मान्य करतात आणि त्याच दमात सांगतात की त्याची किंमत इतकी होती की आपल्या नातवंडांकडून ती घेऊ नका.

"ते वसतिगृह क्रूर होतं, चांगलं काढा" असं म्हणाल, तर ओंटारिओचा उत्तर भाग बघा. तिथल्या अनेक दुर्गम वस्त्यांत आजही आठवीनंतर पूर्ण हायस्कूल नाही. तेरा-चौदा वर्षांची मुलं विमानाने थंडर बे शहरात येतात, अनोळखी घरांत पैसे देऊन राहतात. तिथलं त्यांचं हायस्कूल आदिवासींनीच स्वतःच्या मुलांसाठी काढलेलं आहे, शिक्षक मनापासून काम करतात. तरी २००० ते २०११ या काळात शिकायला आलेली सात मुलं शहरात मेली, त्यातली पाच नदीच्या पाण्यात सापडली. चौकशीच्या ज्यूरीने २०१६ साली १४५ शिफारशी केल्या. ही मुलं शहरात हौसेने आली नव्हती. गावात शाळा असती तर ती घरी असती.

पैशाचं म्हणाल तर, आदिवासींच्या राखीव क्षेत्रांतल्या शाळांना पैसा केंद्र सरकार देतं आणि १९९६ पासून वीस वर्षं त्या निधीच्या वाढीवर वर्षाला दोन टक्क्यांची मर्यादा होती. महागाई, लोकसंख्या काहीही वाढो. आधी वीस वर्षं उपाशी ठेवायचं आणि मग इथे दर्जा नाही म्हणून मुलं उचलायची, हे मला पटत नाही.

---

अँकरेजवाली_सुमा

केतकी, अलास्काची गोष्ट इथे यायलाच हवी. इथेही गावातल्या मूलनिवासी मुलांना हायस्कूलसाठी सिटका, नाहीतर थेट ओरेगन आणि ओक्लाहोमापर्यंत पाठवत. गोऱ्या वस्तीच्या छोट्या गावांत मात्र हायस्कूल असायचं. युकॉन नदीच्या मुखाशी इमोनाक नावाचं युपिक मूलनिवासींचं गाव आहे, तिथली मॉली हूच ही मुलगी १९७२च्या खटल्यात वादी होती. १९७६ला तडजोड झाली आणि राज्याने १२६ गावांत हायस्कूलची सोय करण्याचं मान्य केलं. पुढच्या काही वर्षांत गावोगाव शाळा उभ्या राहिल्या.

गुरुजींनी विचारलंय म्हणून सांगते, बंद करण्याची भाषा इथे आहे. १९९८ पासून दहापेक्षा कमी मुलं असलेल्या शाळेचा स्वतंत्र निधी जातो. नऊ मुलं झाली की गाव घाबरतं. एखादं कुटुंब पटसंख्या टिकावी म्हणून नातेवाइकाच्या मुलाला राहायला बोलावतं. शाळा गेली की तरुण जोडपी गाव सोडतात, मग दुकान, मग टपाल.

काकांच्या मुद्द्यात तथ्य आहे ते असं. सिटकाचं माउंट एजकम्ब हे निवासी हायस्कूल १९८५ पासून राज्य सरकार चालवतं आणि तिथे प्रवेशासाठी मुलं धडपडतात. पण आता गावात शाळा असतानाही जे स्वतः निवडतात तेच जातात.

---

लिपीवेडा

थोडं अवांतर. इनुक्टिटुटची लिपी बघाच. त्रिकोणाचं टोक वर असेल तर "इ", उजवीकडे वळलं तर "उ", डावीकडे तर "आ". व्यंजनाचा आकार तोच, दिशा फिरवली की स्वर बदलतो. मूळ रचना जेम्स इव्हान्स या मिशनऱ्याने १८४०च्या सुमारास कॅनडातल्या क्री आदिवासींच्या भाषेसाठी केली. त्यामागे पिटमनच्या लघुलिपीबरोबर आपल्या देवनागरीचाही प्रभाव होता असं लिपीचे अभ्यासक मानतात. आपली बाराखडी फिरत फिरत कुठे पोचली बघा!

---

केतकी_विनिपेग

हो! वर्गाच्या भिंतीवर तो तक्ता लावलेला असायचा आणि लहान मुलं ती लिपी फार पटकन उचलतात, कारण अपवाद जवळजवळ नाहीत. तिसरीनंतर सगळं इंग्रजीत जातं आणि दोन्ही भाषा अर्धवट राहतात. माजी न्यायाधीश थॉमस बर्जर यांनी नुनावुतबद्दलच्या २००६च्या अहवालात हेच सांगितलं होतं. तेव्हा शंभरातली पंचवीसच मुलं बारावी पूर्ण करत होती आणि सरकारी नोकऱ्यांत इन्युइट ४५ टक्के होते. त्यांचं म्हणणं, पहिल्या भाषेचा पाया पक्का केल्याशिवाय दुसरी चढणार नाही.

---

जयंत_ओस्लो

ग्रीनलंडबद्दल दोन ओळी. राजधानी नूकला शिक्षक-धर्मोपदेशक घडवणारी शाळा १८४५ साली सुरू झाली आणि स्थानिक भाषेत शिकवणारे स्थानिक शिक्षक तेव्हापासून तयार होत आले. आज ग्रीनलंडिक ही तिथली एकमेव अधिकृत भाषा आहे, २००९ पासून. डेन्मार्कने चुका केल्याच. १९५१ साली २२ लहान मुलांना "प्रयोग" म्हणून डेन्मार्कला नेलं आणि माफी मागायला २०२० उजाडलं. तरीही शिक्षक घरचा असल्याने भाषा टिकली, असं मी तिथल्या सहकाऱ्यांकडून वारंवार ऐकलंय.

---

ठाणेकर_हिशोबनीस

केतकीताई, सुमाताई, वाचून स्वस्थ बसवेना. थंडर बेबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. सक्तीने नेणं चूक, यात वाद नाही. पण माझा भौतिकशास्त्राचा प्रश्न तसाच आहे. बारा मुलांच्या हायस्कूलमध्ये प्रत्येक विषयाचा जाणकार कुठून आणणार? ज्या मुलीला डॉक्टर व्हायचंय तिचं काय?

---

केतकी_विनिपेग

काका, यावर वायव्य ओंटारिओतल्या क्री आणि ओजी-क्री वस्त्यांनी स्वतः शोधलेली वाट सांगते. १९९९-२०००च्या सुमारास तिथे कीवेटिनुक इंटरनेट हायस्कूल सुरू झालं. प्रत्येक वस्तीत एक खरी वर्गखोली आणि तिथे हजर असलेला एक शिक्षक. तो शिक्षक आपला एक विषय सगळ्या वस्त्यांतल्या मुलांना ऑनलाइन शिकवतो आणि स्वतःच्या खोलीतल्या मुलांच्या बाकी विषयांकडे लक्ष देतो. म्हणजे भौतिकशास्त्राचा एकच शिक्षक सगळ्यांना पुरतो आणि मूल संध्याकाळी घरी जेवतं. मुलाला नुसतं लॅपटॉपपुढे बसवलेलं नाही, खोलीत माणूस आहे, म्हणून ते चाललं. नुनावुतमध्ये मार्च २०२०ला शाळा बंद झाल्या तेव्हा उपग्रहावरच्या इंटरनेटने दगा दिला आणि आम्ही कागदाचे गठ्ठे घरोघर वाटले. नुसत्या पडद्यावर विसंबून भागत नाही, हे तिथे सगळ्यांनी बघितलं.

तुमच्या डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलीने अठराव्या वर्षी जरूर दक्षिणेत जावं. ओटावात नुनावुत सिवुनिक्सावुत नावाचा उपक्रम १९८५ पासून आहे, बारावी झालेली इन्युइट मुलं तिथे एकत्र राहून स्वतःचा इतिहास, जमीन-करार आणि शहरात टिकायचं कसं ते शिकतात. अठराव्या वर्षी आपल्या माणसांच्या सोबतीने जाणं आणि तेराव्या वर्षी एकट्याने जाणं, यात फार अंतर आहे.

अटावापिस्काटचीही आठवण करते. जेम्स उपसागराच्या काठचं हे क्री गाव. शाळेखाली १९७९ साली डिझेल गळलं, २०००मध्ये शाळा बंद झाली, मग मुलं वर्षानुवर्षं तात्पुरत्या खोल्यांत. तिथली शॅनन कूस्टाचिन आठवीत असताना ओटावात जाऊन मंत्र्यांना भेटली, "पैसे नाहीत" हे उत्तर ऐकून गप्प बसली नाही, देशभरातल्या मुलांना पत्रं लिहायला लावली. हायस्कूलसाठी तिलाही घर सोडावं लागलं. २०१०मध्ये पंधराव्या वर्षी ती अपघातात गेली. शाळा २०१४मध्ये उघडली. या मुलांना शिकायचं नसतं असं कुणी म्हटलं की मला तीच आठवते.

---

झेडपी_गुरुजी

आमच्याकडे नर्मदाकाठी नर्मदा बचाओ आंदोलनाने नव्वदीच्या सुरुवातीला जीवनशाळा काढल्या, गावातलेच तरुण गुरुजी, सुरुवात पोरांच्या बोलीतून. तिथली पोरं पुढे शिकून आली आणि काही स्वतः गुरुजी झाली. गावचा गुरुजी पावसाळ्यात नाल्याच्या अलीकडे अडकत नाही, तो पलीकडेच राहतो. माझ्या शाळेत पावरी बोलणारा एक तरुण मानधनावर मिळावा म्हणून मी अर्ज देतोच आहे. ताई, तुमचा हा धागा छापून केंद्रप्रमुखांना देऊ का?

---

केतकी_विनिपेग

गुरुजी, जरूर द्या.

मृण्मयी, आता तुझा प्रश्न. अर्ज कर, पण एका वर्षासाठी जाणार असशील तर नको करूस. निदान तीन वर्षं राहायची तयारी ठेव. मुलाखतीत त्यांना तीन गोष्टी विचार. वर्गात स्थानिक सहायक शिक्षिका असणार का आणि तिच्याबरोबर बसून नियोजनाला वेळ मिळणार का? गावात शिक्षक प्रशिक्षणाचा वर्ग सुरू आहे का, आणि त्यातली एखादी विद्यार्थिनी सरावासाठी तुझ्या वर्गात येऊ शकेल का? राहायचं घर कुठलं, एकटीचं की वाटून? घराचं लेखी घे, फोनवर "होईल" म्हणाले तरी. कोरडा शिधा, डाळी, मसाले आणि जाड कपडे यांची यादी आत्ताच कर आणि जहाज कुठल्या तारखेला सुटतं ते शाळेला विचार, म्हणजे सगळं विमानाच्या भाड्यात जाणार नाही. नुनावुतची शिक्षक नोंदणी वेगळी करावी लागते, कागद आधीच जमव. आणि निघण्यापूर्वी लिपीवेड्यांनी सांगितलेला तो तक्ता पाठ करून जा. बाकी निरोपातून विचार, मी आहे.